पैसे घेऊनही जुने संगणक साहित्य न उचलल्याबाबत तक्रार

दि. ९ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : दरपत्रकातील कलम ७ नुसार जुन्या साहित्याची विल्हेवाट न लावल्याबाबत.

महोदय,

विंडोज १० ला मिळणारे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि आमच्या जुन्या यंत्रांत विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ची (सुरक्षेसाठीच्या चिपची) सोय नव्हती, म्हणून शरणपूर रोडवरील आमच्या कर सल्लागार कार्यालयातील चौदाही संगणक आपल्या कंपनीकडून डिसेंबरमध्ये बदलून घेतले. नवीन यंत्रांबद्दल काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती जुन्या साहित्याबद्दल.

आपल्या दरपत्रकातील कलम ७ मध्ये ‘जुने सर्व साहित्य उचलून नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे देणे’ यासाठी ६,५०० रुपये आणि १८ टक्के जीएसटी असे एकूण ७,६७० रुपये लावले होते, आणि ती रक्कम आम्ही बिलाबरोबरच चुकती केली. प्रत्यक्षात आपली माणसे टेम्पो घेऊन आली, ज्याला बाजारात भाव आहे ते सीपीयू आणि मॉनिटर घेऊन गेली, आणि बाकीचे ‘दुसऱ्या फेरीत नेतो’ म्हणून ठेवून गेली. ती दुसरी फेरी आज सात आठवडे झाले तरी आलेली नाही. (हार्ड डिस्क आम्ही आधीच काढून घेतल्या होत्या, ते बरेच झाले म्हणायचे.)

मागे राहिलेल्या साहित्यात चौदा कीबोर्ड आणि तितकेच माउस असून त्यांपैकी निम्म्यांची पिन जुनी, जांभळ्या-हिरव्या रंगाची गोल असल्याने ती नवीन संगणकांना लागतही नाही. आकडे टाकून टाकून या कीबोर्डांवरील उजवीकडच्या शून्याची आणि एंटरची अक्षरे पार पुसली गेली आहेत. याशिवाय मॉनिटर जोडायच्या, निळ्या टोकाच्या जुन्या व्हीजीए केबलींचे एक पोते, पाच रिकामी टोनर कार्ट्रिज आणि दोन यूपीएस आहेत. हे सगळे आमच्या रेकॉर्ड रूममध्ये, अशिलांच्या फायलींच्या कपाटाला टेकून पडले आहे आणि मार्चअखेरच्या तोंडावर तिथे पाय ठेवायला जागा उरलेली नाही.

खरी काळजी यूपीएसची आहे. त्यांतील १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या इतक्या फुगल्या आहेत की खोक्यातून बाहेर सरकत नाहीत, आणि एकीच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी धरून खालच्या फरशीवर डाग पडला आहे. आमचा शिपाई ते पुसायला गेला तेव्हा मीच त्याला थांबवले.

याबाबत तीन वेळा दूरध्वनी केल्यावर आपल्या प्रतिनिधीने सल्ला दिला, “साहेब, भंगारवाल्याला देऊन टाका ना, चार पैसे सुटतील.” चार पैसे सुटण्यासाठी मी आपल्याला ७,६७० रुपये दिलेले नाहीत. भंगारात गेल्यावर तांब्यासाठी केबली उघड्यावर जाळल्या जातात आणि बॅटरीतले आम्ल गटारात ओतले जाते. आमच्याकडची गटारे नासर्डी नदीला आणि नासर्डी गोदावरीला मिळते, हे नाशिकमध्ये कुणाला सांगायला नको. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मधील मोठ्या ग्राहकाच्या व्याख्येत आमचे छोटे कार्यालय बसत नाही, याची मला कल्पना आहे. तथापि बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून ती गोळा करणाऱ्या किंवा तिचे पुनर्चक्रण करणाऱ्या संस्थेकडेच देणे ही वापरकर्त्याचीही जबाबदारी आहे. त्यामुळे ती भंगारात किंवा घंटागाडीत टाकणे मला शक्य नाही, आणि शक्य असते तरी ज्या कामाचे पैसे आपण घेतले आहेत ते मी का करावे, हा प्रश्न उरतोच.

तरी हे पत्र मिळाल्यापासून दहा दिवसांत सर्व साहित्य उचलावे, बॅटऱ्या नेण्यासाठी योग्य माणूस पाठवावा आणि ज्या केंद्राकडे ते सोपवले त्याची, नगांची संख्या नमूद केलेली पोचपावती आम्हाला द्यावी. डिसेंबरमध्ये नेलेल्या सीपीयू-मॉनिटरची पोचपावतीही अद्याप मिळालेली नाही. तीही सोबत पाठवावी. हे जमत नसेल तर कलम ७ ची पूर्ण रक्कम परत करून त्याची क्रेडिट नोट द्यावी, म्हणजे आमच्या जीएसटी विवरणपत्रात आवश्यक ती दुरुस्ती करता येईल.

साहित्य नेण्यासाठी शनिवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी अकरानंतर यावे. इमारतीची लिफ्ट लहान असल्याने दोन माणसे पाठवावीत.

आपला,
कार्यालय प्रमुख,
शरणपूर रोड, नाशिक

सोबत : दरपत्रक व बिलाची प्रत, साहित्याची चार छायाचित्रे.