मोती चौकाजवळच्या बुटांच्या दुकानातल्या काकांना, थँक्यू

काका, नमस्कार.

जूनच्या गर्दीत तुमच्याकडं इतकी माणसं येऊन गेली असतील की आम्ही काही आठवणार नाही, म्हणून आधी ओळख सांगते. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात, भर पावसात, कोरेगावहून आलेली बाई, बरोबर टोपी घातलेले म्हातारे सासरे आणि टाचेला पट्टी लावलेली तिसरीतली मुलगी, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बुटांचे दोन खोके, ते आम्ही. तुमचं नाव विचारायचं राहिलं. दुकानातली पोरं तुम्हाला काका म्हणत होती म्हणून मीपण काकाच म्हणते. साताऱ्यातलं कुणी हे वाचत असेल आणि मोती चौकाच्या अलीकडच्या बुटांच्या दुकानात ते माळ्यावर चढणारे, चष्म्याला दोरी लावलेले काका ओळखीचे असतील तर प्लीज त्यांना हे दाखवा.

बूट बदलून दिलेत त्याबद्दल आभार आहेतच. पण मला खरं थँक्यू म्हणायचंय ते आमच्या आबांसाठी.

तर झालं होतं असं की आबांना पंच्याहत्तरी ओलांडल्यापासून एसटी फुकट आहे, त्यामुळं साताऱ्याला जायला त्यांना कारण लागत नाही, पेन्शनचं काम, डोळ्याचे थेंब, कंदी पेढे, काहीही. यंदा मे महिन्याच्या शेवटी त्यांनी स्वतःहून जाहीर केलं की नातीचे शाळेचे बूट मी आणणार, माझ्या पैशानं. आता पोरीला उन्हातान्हात कशाला न्यायची म्हणून त्यांनी रात्री ती झोपल्यावर सुतळीच्या तुकड्यानं तिच्या पायाचं माप घेतलं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, तिथं गाठ मारली आणि सुतळी सदऱ्याच्या खिशात. आम्हाला कुणाला सांगितलं पण नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन खोके घेऊन हजर, एक काळा बेल्टचा आणि एक पीटीचा पांढरा कॅनव्हास, दोन्ही १२ नंबर. त्या दिवशी तुम्ही दुकानात नव्हता बहुतेक, कारण आबा सांगतात की एका तरुण पोरानं सुतळी बुटात घालून बघितली, बरोब्बर बसली, दिले बूट बांधून.

घरात घातले तेव्हा पोरगी म्हणाली बसतायत. ती आबांसमोर नाही कशी म्हणेल, सांगा ना. पहिल्या दिवशी शाळेत घालून गेली आणि मधल्या सुट्टीपर्यंत टाच सोलली, घरी आली ती बूट हातात घेऊन चिखलातून. बूट चावतात म्हणाली आणि रडायला लागली, आणि ती रडायला लागली म्हणून आबा कोपऱ्यात जाऊन बसले. जेवले नाहीत नीट. आमचे हे म्हणाले असू दे आबा, बदलून आणू, पण हे वाक्य ज्या सुरात म्हटलं जातं तो सूर तुम्हाला माहितीय. म्हाताऱ्या माणसाला एवढं पुरतं.

मग मी ठरवलं की मीच जाते, पोरीला घेऊन, आणि आबा म्हणाले मी पण येतो, बिल माझ्याकडं आहे. बिल त्यांनी बँकेच्या पासबुकात घडी न पाडता ठेवलेलं होतं, ही आबांची पद्धत.

आता एक खरं सांगते, मी भांडायच्या तयारीनं येत होते. एसटीत संगम माहुली येईपर्यंत मी मोबाईलवर सगळं वाचून काढलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, खराब निघालेला माल परत घ्यायला दुकानदार नाही म्हणाला तर ती अनुचित व्यापार प्रथा, बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस, ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. सगळं पाठ. आणि तुमच्या गल्ल्यामागं पाटी दिसलीच, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. म्हटलं, चला, सुरू करा. पण त्या कायद्यात शब्द आहे खराब माल. आमचे बूट काही खराब नव्हते, शिलाई व्यवस्थित, सोल व्यवस्थित, फक्त पायाला होत नव्हते, आणि वर काळा जोड एक दिवस चिखलातून फिरून आलेला. म्हणजे तुम्ही नाही म्हणाला असता तर कायदा माझ्या बाजूनं काहीच बोलला नसता. हे मला तिथं उभं असतानाच कळत होतं आणि म्हणून माझा आवाज जरा जास्तच चढला होता बहुतेक.

तुम्ही मला उत्तरच दिलं नाही. खोका उघडला, काळ्या बुटाचा तळ बघितला, शिलाईत चिखल अडकला होता तो बोटानं काढला, आणि पोरीला म्हणालात, ये गं बाळ, पट्टी बघू. मग तिला स्टुलावर बसवायच्या ऐवजी खाली उभी केलीत. खोक्याचं झाकण उलटं करून भिंतीला टेकवून ठेवलं, तिची टाच भिंतीला, दोन्ही पायांवर सारखा भार दे म्हणालात, आणि कानावरची पेन्सिल अगदी सरळ धरून बोटांच्या पुढं रेघ मारली. मला वाटलं होतं अंगठ्यापाशी मारतील, पण हिचं अंगठ्याशेजारचं बोट लांब आहे, तुम्ही ते बघितलं. आठ वर्षं झाली, मी रोज तिचे पाय बघते, माझ्या कधी लक्षात आलं नाही. मग दुसरा पाय. डावा पाय उजव्यापेक्षा किंचित मोठा निघाला. तुम्ही म्हणालात, बऱ्याच जणांचा असतो, माप मोठ्या पायाचं घ्यायचं.

आणि मग तुम्ही आबांना विचारलंत, माप कशानं घेतलं होतं हो?

आबा गप्प. मी सांगितलं, सुतळीनं, झोपेत. मला वाटलं आता हे हसणार. दुकानात आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती, ती पण बघत होती. आबांनी खिशातून ती सुतळी काढली (अजून खिशातच होती!) आणि तुमच्या हातात दिली, आणि तुम्ही ती झाकणावरच्या रेघेवर लावून बघितलीत. थोडी कमी पडली, फार नाही. तुम्ही म्हणालात, "बाबा, माप चोख आहे तुमचं. फक्त झोपलेल्या पायाचं आहे. उभं राहिलं की पाय पसरतो, आणि पुढं बोटांना हलायला जागा लागते, ती आमच्या पोरानं धरायला पाहिजे होती. सुतळीत ती कशी येणार?"

काका, त्या वाक्याला आबांची मान वर आली. मी बाजूला उभी होते, मी बघितलं. आमच्या घरात कुणाला ते सुचलं नव्हतं.

त्यानंतर आबा इतके खुलले की तुमची शिकवणीच सुरू झाली. १२ नाही तर १३, बरोबर, पण मग १३ च्या पुढं १४ का नाही, परत १ का, असं त्यांनी विचारलं, आणि तुम्ही गर्दी असताना सांगत बसलात की लहान मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि मग मोठ्यांचे १ पासून सुरू होतात, मधे उडी वगैरे काही नाही, १३ नंतर १ म्हणजे एकच पायरी, इंचाचा तिसरा हिस्सा. घरी येऊन मी शोधलं तर हे सगळं इंग्लंडातल्या जुन्या मापावरून आलंय म्हणे, जवाचे तीन दाणे लांबीत ठेवले की एक इंच, त्यातला एक दाणा म्हणजे बुटाचा एक नंबर. हे आबांना सांगितलं तर म्हणाले, त्यात काय, आपल्याकडं पण आठ जवांचं एक अंगुळ धरायचे. आता ते गल्लीत सगळ्यांना बुटाचे नंबर समजावत फिरतात, साहेबाची अक्कल ती काय म्हणतात.

मी मधे तोंड घातलं होतं ते पण आठवत असेल. म्हटलं १३ कशाला, १ च द्या, वाढता पाय आहे, वर्षभर निघेल. आपल्याकडं सगळ्या आया हेच म्हणतात, मला पण माझ्या आईनं असेच घेतले, पुढं कापूस कोंबून. तुम्ही सरळ नाही म्हणालात. मोठा बूट घेतला की टाच वर-खाली घासते, परत फोड येणार, आणि पोर पाय ओढत चालते, पळताना पडते. दिवाळीनंतर परत माप बघा, तेव्हा लागला तर तेव्हा घ्या. समोर गिऱ्हाईक १ नंबर मागतंय आणि दुकानदार देत नाही, हे मी पहिल्यांदा बघितलं.

मग १३ काढला तर लांबीला बसला पण बाजूनं दाबत होता. तुम्ही आतला सुखतळा बाहेर काढून तिला त्यावर उभी केलीत, आणि करंगळीची बाजू सुखतळ्याच्या बाहेर आली ती मला दाखवलीत. म्हणालात, आपल्या पोरांचे पाय रुंद, आणि हे साचे बाहेरच्या पायांवर बेतलेले. हे ऐकून मला बातमी आठवली. २०२४ साली आली होती, चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशात ७९ ठिकाणी लाखाच्या वर लोकांचे पाय थ्रीडी स्कॅनरनं मोजले आणि निघालं हेच, की भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद असतात, म्हणून आपले स्वतःचे नंबर काढायचे, त्याचं नाव ‘भा’, भारत मधला भा. ते नंबर दुकानात यायचे तेव्हा येवोत, तुम्ही खोक्याच्या झाकणावर आणि सुखतळ्यावर ते काम आत्ताच करताय.

मग तुम्ही शिडी लावून माळ्यावर चढलात, या वयात, त्या पोरांना न सांगता स्वतः, कारण कुठल्या कंपनीचा १३ रुंद आहे ते तुम्हालाच माहीत, आणि धुळीनं भरलेला एक खोका घेऊन खाली आलात. तो बूट आधीच्यापेक्षा स्वस्त निघाला. आबांचा पडलेला चेहरा मी बघितला, त्यांना वाटलं नातीला हलका माल मिळतोय, तर तुम्ही बूट दुमडून दाखवलात, बोटांपाशी वाकला पाहिजे, मधे नाही, आणि टाचेचा कप दाबून दाखवलात. बघा, भाव कंपनीचा असतो, म्हणालात.

पांढरा कॅनव्हास घातलेलाच नव्हता, तो लगेच बदलला. काळ्याचं तुम्ही गल्ल्यावरच्या शेठना जाऊन हळू आवाजात सांगितलंत, काय सांगितलंत ते ऐकू आलं नाही, शेठनी बुटाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि शंभर रुपये कापून बाकीचे परत दिले. शंभर कापले ते बरोबरच होतं, वापरलेला जोड कोण पूर्ण भावानं घेईल, त्याबद्दल शेठना पण थँक्यू, ते जरा कमी हसतात एवढंच. स्वस्त बूट आणि कापलेले शंभर धरून पण आबांच्या हातात वर पैसे आले, त्याचे त्यांनी लगेच कंदी पेढे घेतले, त्यातला पुडा तुम्हाला द्यायला परत दुकानात शिरलो तर तुम्ही परत माळ्यावर होता, शेठकडं ठेवून आलो, मिळाला असेल अशी आशा आहे. नसेल मिळाला तर शेठना विचारा.

पोरीचे बूट मस्त चाललेत. भिजले की तुम्ही सांगितल्याप्रमाणं रात्री आत पेपरचे बोळे भरून ठेवते, गॅसपाशी ठेवत नाही, सकाळपर्यंत निम्मे तरी वाळतात. टाच भरून आली. डाव्या पायाला दोन मोजे घालू का असं तिनं मला विचारलं, उजवा लहान आहे हे तिनं नीट ऐकलेलं नव्हतं, मग परत समजावलं.

तुम्ही जाताना म्हणाला होता की जूनच्या रविवारी येऊ नका, मधल्या वारी दुपारी या, तेव्हा निवांत माप घेता येतं. धाकट्याला पुढच्या वर्षी पहिलीत घालायचाय, त्याचे बूट तसेच घेऊ, त्याला बरोबर घेऊन. त्याच्या आधी आबा येतीलच, फुकट एसटी आहे. त्यांच्याबरोबर आमच्या घरचा वाघ्या घेवडा पाठवतेय, दोनेक किलो, कोरेगावच्या मातीतला आहे. रात्री भिजत घाला, सकाळी मऊ शिजतो, आणि फोडणीत लसूण जास्त टाका. आबा पैसे घेणार नाहीत, तुम्ही पण देऊ नका.

तुमची,
कोरेगावची, आबांची सून