बाबांच्या पायाची सूज आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलं, "एवढ्या पेशी काहून वाढल्या वं माय?" रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी 16,400 आल्या, असायला पाहिजेत 4,000 ते 11,000. त्यात कोणीतरी कॅन्सरचं नाव काढलं आणि तुम्ही दोघं रात्रभर जागे. अहो, त्यातल्या बहुतेक पेशी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढायला धावणाऱ्या पांढऱ्या पेशी आहेत, आणि धुऱ्यावर बाभळीचा काटा रुतून तुमचा पाय घोट्यापर्यंत सुजलाय. या दोन्ही गोष्टी एकच आहेत.

काट्यासोबत जंतू आत शिरले. मांसात आधीपासून वस्तीला असलेल्या मॅक्रोफेज पेशींनी ते ओळखले आणि सायटोकाइन नावाचे रेणू सोडले. त्यातल्या टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-1 मुळे जवळच्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर चिकट होतं. वाहिन्या फुगतात, पाणी झिरपतं. लाली, ऊब, सूज त्यातूनच. रक्तासोबत वाहणारी पांढरी पेशी त्या अस्तरावर अडखळते, घरंगळते, मग घट्ट चिकटते आणि फटीतून अंग चोरून बाहेर निघते. पुढची वाट इंटरल्यूकिन-8 हा आणखी एक सायटोकाइन दाखवतो. तो जिकडे दाट तिकडे पेशी सरकते, गुळाच्या वासावर मुंगळे जातात तशी. काही रेणू तर पार हाडातल्या मगजापर्यंत पोचतात आणि तिथला पेशींचा साठा रक्तात मोकळा करतात. आकडा चढला तो त्यामुळे. ताप आणणारेही हेच.

1882 मध्ये मेचनिकॉफ नावाच्या शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांना काटे टोचून ठेवले होते. सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या! मला हे वाचताना दरवेळी अंगावर शहारा येतो. तुमच्या टाचेत आत्ता तेच चाललंय, बाबा.

आता कळीचं. आई, मेडिकलवाल्याने चिठ्ठीविना दिलेल्या ज्या गोळीचं नाव तू वाचून दाखवलंस, प्रेडनिसोलोन, ती बाबांना देऊ नको. ते स्टिरॉइड आहे. ते सायटोकाइन दाबतं, पेशींना अस्तराला चिकटू देत नाही. मग त्या रक्तातच फिरत राहतात, रिपोर्टमध्ये आकडा आणखी वाढतो आणि जखमेपर्यंत मात्र फार थोड्या पोचतात. वरून सूज उतरल्यासारखी वाटते, आत जंतू पसरतात. शिवाय बाबांना शुगर आहे, तीही भडकते.

डॉक्टरांनी दिलेली अँटिबायोटिक मात्र पुरी करायची, ठणका थांबला तरी. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का ते विचारा. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून ठेव, आई. लाली रेघेबाहेर गेली, थंडी वाजली किंवा बाबा गुंगीत वाटले, तर माझी वाट न पाहता तडक तालुक्याच्या दवाखान्यात न्या. डवरणी दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. शुगर तपासून आकडा आजच कळवा.

तुमची लेक