गृहमंत्री साहेब, वरातीत सुटलेल्या गोळीचा फटाका कोणी केला?

मा. गृहमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय जय भीम.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी बँड पार्टी आहे. या लग्नसराईत एका वरातीत नवरदेवाच्या मित्राने पिस्तूल काढलं. दोन बार आभाळाकडे गेले, तिसऱ्या वेळी नाचता नाचता त्याचा हात खाली आला आणि गोळी माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या तळहातातून आरपार गेली. भाऊ पार्टीत क्लॅरोनेट वाजवतो.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी केसपेपरवर स्वच्छ लिहिलं, बंदुकीच्या गोळीची जखम. पोलीस ठाण्यात मात्र 'फटाका फुटून इजा' अशी नोंद झाली. ज्याच्या दोन्ही हातांत क्लॅरोनेट होतं त्याने फटाका कशात धरला होता, असं मी विचारलं, तर उत्तर मिळालं, "तुला इथं धंदा करायचाय ना?" ताशेवाल्या पोराने रस्त्यावर पडलेली गोळीची रिकामी पुंगळी उचलून दिली होती. ती ठेवून घेतली, पण पंचनाम्यात आली नाही. पुढे एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी चार लोकांसमोर शब्द दिला, की आठ दिवसांत योग्य कलमं लागतील आणि परवाना रद्द करण्याचा प्रस्ताव जाईल. मागच्या आठवड्यात त्या गोळी झाडणाऱ्याचा वाढदिवस झाला. चौकात बॅनर लागले, तलवारीने केक कापला, आणि रीलमध्ये कमरेला तेच पिस्तूल. म्हणून हे पत्र लिहावं लागतंय.

कायदा नाही असं कोणी सांगू नये. शस्त्र कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली. लग्नात, मिरवणुकीत, देवळात आनंदाच्या भरात गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम 25, पोटकलम 9. बँडवाल्याला हे पाठ झालं, ठाण्यात कोणाला आठवत नाही. 2016 चे नियम तर सार्वजनिक ठिकाणी शस्त्र नुसतं मिरवायलाही मनाई करतात. परवाना आत्मसंरक्षणाचा असतो ना साहेब? मग वरातीत त्याला संरक्षण कोणापासून हवं होतं? क्लॅरोनेटपासून?

भावाच्या तळहाताची दोन हाडं मोडली, आत तारा घातल्या. जखम भरली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकत नाही. क्लॅरोनेटची खालची भोकं उजव्या हाताने झाकायची असतात. ती नीट झाकली जात नाहीत, हवा निसटते आणि खालचे सूर फाटतात. रोज संध्याकाळी तो पेटी उघडतो, दोन ओळी वाजवतो आणि बंद करतो. त्याची बायको आता दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. आणि लग्नघरवाल्यांनी काय केलं? वरात अर्ध्यात सोडली म्हणून सुपारीचे उरलेले पैसे दिले नाहीत. हीच गोळी एखाद्या पाहुण्याला लागली असती तर फटाका म्हणायची कोणाची हिंमत झाली असती का, हा प्रश्न मी आपल्यालाच विचारतो. वरातीत सगळ्यांच्या पुढे आम्ही चालतो आणि माणसात सगळ्यांच्या शेवटी मोजले जातो.

एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने असल्याचं डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर महाराष्ट्राला कळलं. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी शेजारच्या परभणीचा आकडा बत्तीस सांगितला होता. बत्तीस कुठे आणि बाराशे कुठे! बीडच्या माणसाच्या जिवाला परभणीच्या माणसापेक्षा जवळजवळ चाळीस पट धोका आहे का? परवान्याच्या अर्जावर पोलिसांचा अहवाल लागतो, सही प्रशासनाची होते. मग इतक्या अहवालांत 'धोका आहे' असं लिहिणारे कोण होते? ओरड झाल्यावर शंभराहून जास्त परवाने रद्द केले. म्हणजे ते द्यायला नको होते हे सरकारनेच मान्य केलं. देणाऱ्यांपैकी कोणाला घरी बसवलं?

आणि हे फक्त मराठवाड्याचं दुखणं नाही. 2 फेब्रुवारी 2024 ला उल्हासनगरात पोलीस ठाण्याच्या आत, निरीक्षकाच्या केबिनमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या आणि गुन्हा सत्ताधारी पक्षाच्या आमदारावर दाखल झाला. सहाच दिवसांनी दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांना फेसबुक लाइव्ह सुरू असताना मारलं, ते पिस्तूल मारणाऱ्याच्या अंगरक्षकाचं होतं. ऑक्टोबरात वांद्र्याला माजी मंत्री बाबा सिद्दिकी गोळ्यांनी गेले. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर 2013 च्या ऑगस्टमध्ये गोळ्या झाडल्या, दोघांना शिक्षा व्हायला मे 2024 उजाडला. गावठी कट्टे कुठून येतात हेही पोलिसांना ठाऊक आहे. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या हद्दीपलीकडे मध्य प्रदेशातलं उमर्टी. 2025 च्या नोव्हेंबरात पुण्याच्या पोलिसांनी तिथे जाऊन कट्टे बनवायच्या भट्ट्या मोडल्या. त्या मोडता येतात, मग इतकी वर्षं पेटत्या का ठेवल्या? पण कट्टेवाल्याला पकडल्याचा फोटो पेपरात येतो, परवान्यावाल्याचा फोटो पुढाऱ्याच्या शेजारी बॅनरवर असतो. आमच्याकडची पोरं या दुसऱ्या फोटोकडे बघून मोठी होतात. वाळूचा ठेका, पांढरी गाडी आणि कमरेला पिस्तूल, एवढं झालं की माणूस मोठा झाला. आपल्या पक्षांनीच अशांना पदं दिली. सगळ्याच पक्षांनी.

माझं मागणं थोडं आहे. फटाक्याची नोंद रद्द करून खरा गुन्हा दाखल करा. ते पिस्तूल जप्त करा, पुंगळीसह तपासणीला पाठवा. भावाच्या उपचाराचा खर्च त्या माणसाकडून वसूल करून द्या. प्रत्येक जिल्ह्यात परवाना कोणाला, कोणत्या कारणासाठी आणि कोणाच्या अहवालावर दिला, याची यादी कार्यालयाबाहेर लावा.

तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा सुपाऱ्या सुरू होतील. तालुक्यातल्या आम्ही बँडवाल्यांनी आता पावतीवर छापून घेतलंय, 'वरातीत हत्यार दिसल्यास वाजवणे बंद, विसार परत मिळणार नाही.' ही अट आम्ही पाळणार, आणि त्यासाठी कुठल्या तरी वरातीत आम्हाला मार बसणार हेही माहीत आहे. त्या रात्री आम्ही 112 ला फोन लावला तर कोण येईल आणि आल्यावर कोणाला गाडीत घालेल, हे मला लेखी कळवा.

आपला,
एक बँडवाला