खून कुणी केला, हा प्रश्नच नाही

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. खून, पोलीस आणि पाठलाग असला की झाला थरारपट, असं तू ठासून लिहिलंयस. मला ते बिलकूल पटलेलं नाही. का पटलं नाही हे नीट सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून आज जरा लांबण लावतो.

आधी फ्रेंच दिग्दर्शक क्लुझोचा १९५३ चा ‘द वेजेस ऑफ फिअर’ घे. तेलविहिरीला आग लागलीय, ती विझवायला नायट्रोग्लिसरीन हवं आणि ते डोंगराळ, खडबडीत रस्त्यानं ट्रकमधून न्यायचं. दोन ट्रक, चार माणसं. एक जोराचा हादरा बसला की खेळ खलास. एका वळणावर ट्रक मागे घ्यायला जागाच नसते, म्हणून तो दरीच्या काठावरच्या कुजक्या लाकडी फलाटावर चढवावा लागतो. खुनी नाही, गुप्तहेर नाही, कुणी मागेही लागलेलं नाही. तरी आपण खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसतो. याला थरारपट म्हणायचं नाही, तर मग कशाला म्हणायचं?

उलट, ज्यात शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करून खुन्याचं नाव सांगतात, तो रहस्यपट. तिथं जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं, आपण फक्त मागचे धागे जुळवत बसतो. थरारपटात मात्र सगळं पुढं वाढून ठेवलेलं असतं, आणि बऱ्याचदा ते पात्राच्या आधी आपल्याला कळलेलं असतं. दिग्दर्शक हिचकॉकनं फ्रेंच दिग्दर्शक त्र्युफोला सांगितलेलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण (बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक, टेबलाशी बसलेल्यांना नाही) तुला तोंडपाठ आहे, ते लांबवत नाही. पण त्याच्याच ‘नटोरियस’मधला (१९४६) मेजवानीचा प्रसंग आठव.

नवऱ्यावरच हेरगिरी करणाऱ्या इन्ग्रिड बर्गमननं त्याच्या जुडग्यातून तळघराची किल्ली काढून घेतलीय. कॅमेरा वर, अगदी उंचावरून, पाहुण्यांनी भरलेलं अख्खं दालन दाखवतो आणि न थांबता खाली उतरत उतरत तिच्या मुठीतल्या त्या किल्लीपाशी येतो. एवढ्या थाटामाटात महत्त्वाचं काय, तर ती किल्ली, हे एक शब्दही न बोलता सांगून झालं. पण मला त्याहून जास्त आवडते ती शॅम्पेन. बर्फात ठेवलेल्या बाटल्या एकेक करून कमी होताहेत. त्या संपल्या की आणखी आणायला तळघर उघडावं लागणार, नवरा किल्ली शोधणार आणि ती जुडग्यात नसणार. पाहुणे मजेत पीत असतात आणि इकडे भरणाऱ्या प्रत्येक पेल्यागणिक आपला जीव खालीवर होतो. माझ्या मते थरारपटाचा प्राण इथं आहे: संपत चाललेला वेळ आपल्याला दिसतो, आणि आपल्याला काहीच करता येत नाही. त्यासाठी भिंतीवरचं घड्याळ दाखवायची गरज नसते, बाटल्यासुद्धा पुरतात.

आता तू म्हणशील, मग नायक चांगला आणि समोरचा वाईट एवढं तरी हवंच ना? तेही नाही. ‘सायको’मध्ये (१९६०) मोटेल चालवणारा नॉर्मन प्रेत असलेली गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडायला लागते आणि मध्येच थांबते. तो इकडेतिकडे बघतो. त्या दोनचार क्षणांत आपल्याला काय वाटतं, ते प्रामाणिकपणे आठवून बघ. बुड गं बाई एकदाची, असंच वाटतं! ज्या नायिकेसोबत आपण इतका वेळ होतो, तिचंच प्रेत त्या गाडीत आहे. तरीही धोक्यात असलेल्या माणसाच्या बाजूनं आपलं मन झुकतं, मग तो कुणी का असेना. ही ताकद मला फार मोठी वाटते आणि थोडी भयंकरही.

भयपटाशी गल्लत होते, ती मला तितकी महत्त्वाची वाटत नाही. भयपटात समोरचं संकट बहुधा माणसाच्या आवाक्याबाहेरचं असतं. इथं मात्र सुटकेची एक फट उघडी असते, आणि ती बंद होत असते. मारधाडपटाचं तर बोलायलाच नको. नायक जिंकणार याची खात्री असली की भीती कसली?

शेवट फोडला की थरारपट मेला, असंही तू लिहिलंयस. त्यावर माझं उत्तर म्हणजे दिग्दर्शक झिनेमानचा १९७३ चा ‘द डे ऑफ द जॅकल’. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यावर गोळी झाडायला निघालेला मारेकरी. पण द गॉल १९७० मध्ये घरी वारले, हे प्रेक्षकांना तिकीट काढतानाच माहीत होतं. तरी सिनेमा धरून ठेवतो, कारण आपण त्या माणसाचं काम बघत राहतो: बनावट कागदपत्रं, खास बनवून घेतलेली बंदूक, झाडाला टांगलेल्या कलिंगडावर नेम धरून दुर्बिणीचे स्क्रू पिळणं. काय होणार हे ठाऊक असतं, कसं होणार ते नसतं, आणि तेवढ्यावर दोन तासांहून जास्त वेळ निघतो.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर ‘दृश्यम’ आहेच. जीतू जोसेफचा मूळ मल्याळम २०१३ चा, आणि निशिकांत कामतनं २०१५ मध्ये हिंदीत केलेला. कुणी मारलं ते आपल्या डोळ्यांसमोर घडतं. प्रश्न एवढाच, की ते लपवणारं कुटुंब पोलिसांच्या चौकशीत टिकणार का. त्यातल्या धाकट्या मुलीवर दडपण येतं ना, तिथं मला पडद्याकडे बघवत नाही. पण प्रेत कुठं आहे, हे मात्र दिग्दर्शक शेवटपर्यंत आपल्यापासूनही दडवून ठेवतो. म्हणजे थरारपटाच्या पोटात एक छोटा रहस्यपट. माझ्या मांडणीला इथं थोडा तडा जातो, हे मला दिसतंय, आणि म्हणूनच तो सिनेमा मला इतका मोलाचा वाटतो.

‘नटोरियस’ पुन्हा बघ, त्या बाटल्यांकडे लक्ष ठेवून. आणि ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ तू कुठल्या खान्यात टाकतोस ते सविस्तर लिही. शेवटच्या अंधारातल्या प्रसंगामुळं तू भयपट म्हणणार, असं मला वाटतंय. म्हणालास तर त्यावर वेगळं पत्र येईल.

तुझा,
अजित