चोकमुळे छर्ऱ्यांचा पसारा बदलतो, वेग नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर छर्ऱ्याच्या बंदुकीविषयी आलेल्या लेखात ‘फुल चोकमुळे छर्रे अधिक जोरात सुटतात आणि म्हणून लांबवर मार करतात’ असे विधान आहे. मी क्ले टार्गेट नेमबाजी, म्हणजे हवेत फेकलेल्या तबकड्या छर्ऱ्यांनी फोडण्याचा खेळ, शिकवतो. नवशिक्या नेमबाजांच्या मनातून हाच समज काढायला मला फार वेळ लागतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी, शेवटच्या काही सेंटिमीटरांत, आतला व्यास किंचित कमी करणे. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर असतो. फुल चोक तो जेमतेम १ मिलिमीटरने आवळतो, मॉडिफाइड चोक अर्ध्या मिलिमीटरने, तर सिलिंडर चोक मुळीच आवळत नाही. लेखकाने पाण्याच्या पाइपवर अंगठा दाबण्याचा दाखला दिला आहे. तो पटकन पटतो, पण इथे लागू पडत नाही. छर्रे पाण्यासारखे वागले असते, तर एवढ्या आवळण्याने वेग अकरा-बारा टक्क्यांनी वाढला असता. प्रत्यक्षात मोजल्यावर सेकंदाला सुमारे ४०० मीटरच्या वेगात अवघ्या काही मीटरांचा फरक दिसतो आणि तेवढा फरक तर एकाच खोक्यातल्या दोन काडतुसांतही सापडतो. पाइपात मागून पाण्याचा दाब अखंड येत असतो. इथे मात्र छर्ऱ्यांचा छोटासा गठ्ठा आपला जवळजवळ सगळा वेग आधीच घेऊन आलेला असतो आणि चोकमधून सेकंदाच्या सुमारे आठ हजाराव्या भागात बाहेर पडतो.

चोकचे खरे काम पसाऱ्यात दिसते. ४० यार्डांवर, म्हणजे साधारण ३६.५ मीटरवर मोठा कागद लावून एक काडतूस झाडायचे, भोकांची सर्वांत दाट जागा पाहून तिच्याभोवती ७६ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ आखायचे आणि आतली भोके मोजायची. प्रत्येक भोकावर रंगीत पेन्सिलीने खूण करत जावे लागते, नाहीतर तेच भोक दोनदा मोजले जाते. ट्रॅप या तबकडी-नेमबाजीच्या प्रकारातल्या २४ ग्रॅमच्या काडतुसात २.४ मिलिमीटरचे सुमारे ३०० छर्रे असतात. रूढ मापानुसार त्यांपैकी सिलिंडरमध्ये ४० टक्के, मॉडिफाइडमध्ये ६० टक्के आणि फुल चोकमध्ये ७० टक्के वर्तुळात यावेत. एका कागदावर भरवसा ठेवू नये, निदान दहा कागद मोजावेत. मऊ शिशाचे छर्रे बार उडतानाच्या धक्क्याने चेपतात आणि भरकटतात. हा दोष घट्ट चोकने पुरता भरून निघत नाही, कडक छर्ऱ्यांनी बराच कमी होतो.

‘लांबचा मार’ एवढ्यापुरताच खरा आहे. ३६ मीटरवर पोहोचेपर्यंत या बारीक छर्ऱ्याचा वेग हवेच्या विरोधाने निम्म्याच्या आसपास येतो, मग चोक कोणताही असो. फुल चोकमधला छर्रा तबकडीवर अधिक जोराने आदळत नाही. ११ सेंटिमीटरच्या त्या तबकडीच्या वाट्याला तेवढ्या अंतरावर अधिक छर्रे येतात, इतकेच.

हा शब्दांचा कीस नव्हे. जोर वाढतो असे समजून मुले स्कीट या दुसऱ्या प्रकारातही फुल चोक लावतात. तिथे तबकडी वीस मीटरच्या आसपास असते आणि पसारा इतका आवळलेला राहतो की नेम किंचित चुकला तरी ती अखंड निघून जाते. त्याहून गंभीर म्हणजे, घट्ट चोकच्या जुन्या नळीतून कोणी पोलादी छर्रे झाडले, तर ते शिशासारखे दबत नसल्याने नळीचे तोंड फुगू शकते. तरी ते विधान दुरुस्त करून त्याच पानावर छापावे, ही विनंती.

आपला,
एक नेमबाजी प्रशिक्षक