कारंज्याच्या आधी व्हॉल्व शोधा: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय नगरविकास मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

शहराच्या मध्यवर्ती भागाचा कायापालट करण्याचा आराखडा आपण मंजुरीसाठी घेतला आहे. त्याची चित्रे मीही पाहिली. रुंद पदपथ, दगडी फरसबंदी, चौकात कारंजे, झाडाखाली बाक. चित्रे देखणी आहेत. अशा चित्रांत आभाळ कायम निळे असते आणि रस्त्यावर चेंबरचे एकही झाकण दिसत नाही. आभाळाबद्दल माझी तक्रार नाही. हे पत्र आहे ते न दिसणाऱ्या झाकणांबद्दल.

मी पाणीपुरवठा आणि मलनिःसारण या कामांत कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि त्याच कामांत निवृत्त झालो. उमेदीचा बराच काळ दीड-दोन मीटर खोल चरात उभा राहून गेला, त्यामुळे शहराकडे खालून वर पाहायची सवय लागली आहे. ती आता जाणार नाही.

एका रात्रीची गोष्ट सांगतो. बाजारपेठेच्या मुख्य रस्त्यावर मोठी जलवाहिनी फुटली. रस्त्यावर गुडघाभर पाणी. व्हॉल्व बंद केल्याशिवाय काही करता येईना आणि व्हॉल्व सापडेना. नकाशा होता, नाही असे नाही. नकाशात व्हॉल्व डाव्या पदपथाला लागून दाखवला होता. आम्ही तिथे खोदले, मग दोन हात पुढे खोदले, मग मागे. दीड तासाने एका जुन्या फिटरला घरून उठवून आणले. त्याने नकाशाकडे पाहिलेही नाही. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला पाठ लावून उभा राहिला, पावले मोजत रस्त्याच्या मध्याकडे गेला आणि हातातली पहार डांबरावर आपटत राहिला. ठक, ठक, ठक, आणि मग एकदम पोकळ आवाज. ‘इथं फोडा साहेब.’ डांबराच्या तीन थरांखाली झाकण निघाले. रस्ता तीनदा नवा झाला होता आणि तिन्ही वेळा झाकण वर उचलून घ्यायचे कोणालाही सुचले नव्हते. नकाशातली जागा आणि खरी जागा यांत चार मीटरचा फरक होता.

पुढे तो फिटर निवृत्त झाला आणि शहराचा निम्मा नकाशा त्याच्याबरोबर घरी गेला.

महोदय, माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या रस्त्यावर आपण फरशी बसवणार आहात, त्याच्या पोटात काय आहे हे आज कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. ते कळल्याशिवाय कार्यादेश देऊ नका.

वाढत्या शहराच्या मध्यभागी हा प्रश्न सर्वांत अवघड असतो, कारण सगळ्यांत जुने नळ तिथेच असतात आणि सगळ्यांत नव्या केबलही तिथेच लागतात. बिडाची जुनी जलवाहिनी, मैलावाहिनी, पर्जन्यवाहिनी, विजेच्या केबल, गॅस, टेलिफोन, तीन-चार कंपन्यांच्या फायबर केबल, वाहतूक सिग्नलच्या तारा आणि कोणाच्या मालकीचे आहेत हे विसरले गेलेले बंद नळ. प्रत्येक खात्याकडे स्वतःपुरता नकाशा असतो. सगळे नकाशे एकमेकांवर ठेवले की दोन वाहिन्या एकाच जागेतून गेलेल्या दिसतात. जमिनीत ते शक्य नसते, म्हणजे निदान एक नकाशा खोटा असतो. बहुधा दोन्ही.

यात क्रमाला फार महत्त्व आहे. मैलावाहिनी उतारावर चालते. तिला मध्येच वर उचलता येत नाही, वाटेत अडथळा आला म्हणून डोक्यावरून उडी मारता येत नाही. पाण्याची वाहिनी दाबाखाली असते, ती थोडी खालीवर झाली तरी चालते. केबल तर कुठूनही वळते. म्हणून सर्वांत आधी, सर्वांत खोल, मैला आणि पावसाचे पाणी, मग पिण्याचे पाणी, मग बाकीचे. प्रत्यक्षात होते उलटे. केबलवाल्यांची परवानगी लवकर मिळते, त्यांचे काम झटपट उरकते आणि दोन वर्षांनी मैलावाहिनी टाकायला गेलेल्या माणसाला नेमक्या त्याच्या पातळीवर केबलचे डक्ट, म्हणजे केबल ओवायची नळी, आडवे गेलेले सापडते. मग एक तर ते डक्ट हलवायचे किंवा वाहिनीचा उतार कमी करायचा. उतार कमी केला की गाळ साचतो, गाळ साचला की पहिल्या मोठ्या पावसात झाकणे उचलली जातात, आणि आपण चित्रात पाहिलेल्या फरशीवर काय वाहते ते मी इथे लिहीत नाही.

शिकागोने हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात वेगळ्याच हिकमतीने सोडवला. शहर इतके सखल होते की गटारांना उतारच मिळेना. तेव्हा गटारे वरच्या पातळीवर टाकून रस्ते भराव घालून उंच केले आणि रस्त्याकडेच्या मोठमोठ्या इमारती स्क्रू-जॅक लावून वर उचलल्या, आतले व्यवहार चालू ठेवून. आपल्याकडून तेवढी अपेक्षा नाही.

एडिनबराचे उदाहरण मात्र आपल्या सचिवांनी वाचावे असे आहे. तिथे शहराच्या मध्यातून ट्राम आणायची ठरली. रुळांखालच्या वाहिन्या हलवायचे काम २००७ मध्ये सुरू झाले. जुन्या नोंदींवर भिस्त होती. प्रत्यक्षात जमिनीखाली नकाशात नसलेले बरेच काही निघाले. शेकडो जुनी दफनेही सापडली. वाहिन्यांचे काम लांबले आणि ते पुरे होण्याआधीच रूळ टाकणारा ठेकेदार येऊन उभा राहिला. वाद, थांबलेले काम, वाढीव बिले. प्रिन्सेस स्ट्रीट हा त्यांचा मुख्य बाजाररस्ता २००९ मध्ये बंद करून रूळ टाकले आणि २०११ मध्ये दुरुस्तीसाठी पुन्हा उखडला. २०११ मध्ये धावायची ट्राम २०१४ मध्ये धावली, तीही ठरल्यापेक्षा आखूड मार्गावर, आणि ५४.५ कोटी पौंडांच्या मंजुरीऐवजी खर्च ७७.६ कोटी पौंडांवर गेला. काय चुकले याच्या चौकशीचा अहवाल यायला २०२३ साल उजाडले. सगळा दोष वाहिन्यांचा नव्हता. अर्धवट आराखड्यांवर करार करण्याची घाईही नडली. पण ती घाई आणि खालचे काम अपुरे ठेवून वरचे सुरू करणे, ही एकाच सवयीची दोन रूपे आहेत. ती सवय आपल्या कार्यालयांतही आहे, मी तिच्यात नोकरी केली आहे.

‘सर्वेक्षणाला वेळ आणि पैसा कुठून आणायचा?’ असे आपल्याला लगेच सांगितले जाईल. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनासाठी पर्ड्यू विद्यापीठाने ७१ प्रकल्प तपासले होते. खोदण्याआधी जमिनीखालच्या वाहिन्या नीट शोधण्यावर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे सरासरी ४.६२ डॉलर वाचल्याचे त्यात दिसले. हे शोधण्याच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. सर्वांत खालची पायरी म्हणजे कार्यालयातले जुने कागद. त्याच्या वर, रस्त्यावर दिसणारी झाकणे आणि व्हॉल्व मोजून कागदाशी ताडणे. त्याच्या वर, रडार आणि विद्युतचुंबकीय यंत्रांनी जमीन न फोडता माग काढणे. आणि सर्वांत वर, हाताने छोटा खड्डा घेऊन वाहिनी डोळ्यांनी पाहणे व तिची खोली मोजून नोंदवणे. माझ्या अनुभवात निविदेला जोडलेले नकाशे पहिल्या पायरीचे असतात. त्यांवर ‘ठेकेदाराने जागेवर खात्री करून घ्यावी’ असा शिक्का असतो, म्हणजे अज्ञान आपले आणि जबाबदारी त्याची. हुशार ठेकेदार या अज्ञानाची किंमत दरात धरतो. फार हुशार असेल तर कमी दर भरून काम घेतो आणि वाढीव बिलाची वाट पाहतो.

पैशापलीकडचेही एक सांगायचे आहे. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी रस्त्याखालची मैलावाहिनी स्फोटांनी उडत गेली, सुमारे आठ किलोमीटर रस्ते फाटले आणि अधिकृत आकड्यानुसारच दोनशेहून अधिक माणसे मेली. कारण काय, तर पेट्रोलच्या पोलादी वाहिनीला अगदी लगटून पाण्याचा जस्ताचा मुलामा दिलेला नळ टाकला होता. दोन धातू आणि ओल एकत्र आल्यावर जे गंजणे होते ते झाले, पेट्रोलची वाहिनी भोकाळली आणि पेट्रोल झिरपत मैलावाहिनीत उतरले. रहिवासी तीन दिवस वासाची तक्रार करत होते. एका खात्याचा नळ दुसऱ्याच्या वाहिनीपासून किती अंतरावर आहे, हा प्रश्न वाचताना कारकुनी वाटतो. तो तसा नाही.

उलट बाजूचेही उदाहरण आहे, आणि मला ते फार आवडते. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने ब्रिटिश संसदेतल्या मंडळींना बसवेना, तेव्हा लंडनचा अभियंता जोसेफ बाझलगेट याला मैलावाहिन्यांसाठी पैसे मंजूर झाले. (मंत्र्यांच्या नाकापर्यंत पोचलेली तक्रार लवकर मार्गी लागते, हे तेव्हाही खरे होते.) त्याने नदीकाठी व्हिक्टोरिया एम्बँकमेंट बांधले, १८७० मध्ये ते खुले झाले. लोकांना दिसतो तो रस्ता, बागा आणि नदीकाठची फिरायची जागा. पोटात मुख्य मैलावाहिनी, वाहिन्यांसाठी बोगदा आणि भुयारी रेल्वे. ते बांधकाम आजही वापरात आहे. सुशोभीकरण म्हणतात ते झालेच, पण आतले आधी ठरले होते.

आता कोणी सल्लागार आपल्याला सांगेल की मग सगळ्या शहराखाली माणूस चालेल एवढा सामाईक बोगदा करा, सिंगापूरने मरिना बे भागात केला तसा. सावध राहा. तो भाग समुद्रात भराव घालून केलेल्या नव्या जमिनीवर आहे. कोऱ्या जमिनीवर बोगदा आधी करता येतो. जुन्या अरुंद पेठेत त्याचा खर्च आणि उखडापाखड परवडण्यासारखी नसते. चार-दोन मुख्य रस्त्यांवर विचार जरूर व्हावा. बाकी ठिकाणी साधे आडवे डक्ट रस्ता ओलांडायला ठराविक अंतरावर टाकून ठेवले आणि दोन-चार नळ्या रिकाम्या सोडल्या तरी पुढची कित्येक वर्षे फरशीला हात लावावा लागत नाही. हे काम स्वस्त आहे. त्याचा फोटो चांगला येत नाही, एवढाच त्याचा दोष.

बुजवण्याबद्दलही थोडे लिहितो, कारण बैठकीत ते कोणी काढत नाही. चर एका खात्याचा, बुजवणारा उपठेकेदार, वरची फरशी तिसऱ्याची. भराव थरांनी घालून प्रत्येक थर पाणी मारून दाबायचा असतो. प्रत्यक्षात निघालेली माती एकदम आत ढकलून वरून रोलर फिरवतात. पावसाळ्यानंतर ती बसते आणि नवी फरशी बरोबर चराच्या रेषेत खचते. मग दोषदायित्व कालावधीचा, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यायच्या मुदतीचा, कागद काढला की फरशीवाला चराकडे बोट दाखवतो, चरवाला वाहिनीच्या गळतीकडे, आणि वाहिनीवाल्याच्या मते रस्त्यावरून जड वाहने गेली. तिघांची पत्रे मी फायलीला लावली आहेत. रस्ता तसाच राहिला होता. एका रस्त्याचे खालचे आणि वरचे काम एकाच कराराखाली, एकाच जबाबदार माणसाच्या सहीखाली दिले, तर ही बोटे दाखवायला जागाच उरत नाही.

आणि दुकानदार. रस्ता एकदा सहा महिने बंद राहिला तर छोटा दुकानदार कसाबसा तग धरतो. तोच रस्ता तीन वर्षांत तीनदा उखडला तर शटर कायमचे खाली येते, आणि मग सुंदर पदपथावर चालत जाऊन घ्यायचे काय, हा प्रश्न उरतो.

म्हणून आपल्याकडे मागणे असे. ज्या हद्दीत काम होणार आहे तिथले वाहिन्यांचे सर्वेक्षण कार्यादेशाआधी पुरे व्हावे, आणि मोक्याच्या प्रत्येक जागी हाताने खड्डा घेऊन खात्री व्हावी. खोदणाऱ्या सगळ्या खात्यांना व कंपन्यांना एक तारीख द्यावी. त्या तारखेआधी ज्याला जे टाकायचे ते टाकू द्यावे आणि नंतर ठरावीक वर्षे, फूटतूट सोडून, खोदाईला मनाई असावी. ही मनाई मोडायची सही कोणाची, तेही आजच लिहून ठेवावे, कारण पहिला अर्ज एखाद्या वजनदार माणसाचाच येईल. चर बुजण्याआधी प्रत्येक वाहिनीची जागा आणि खोली मोजून एका सामाईक नकाशात चढवल्याशिवाय बिल निघू नये. अमेरिकेत खोदण्याआधी ८११ या एकाच क्रमांकावर फोन केला की संबंधित कंपन्यांना कळवले जाते आणि त्यांची माणसे जागेवर येऊन खुणा करून जातात. आपल्या शहराला एक फोन आणि एक नकाशा एवढे पुरे आहे.

यामुळे उद्घाटन वर्षभर पुढे जाईल, हे मला कळते. त्या वर्षात निवडणूक येते की नाही, तेही आपल्याला माझ्यापेक्षा चांगले कळते. तरीही लिहितो आहे.

आपला,
एक निवृत्त कनिष्ठ अभियंता

ता. क. वर सांगितलेला व्हॉल्व अजून त्याच जागी आहे. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला पाठ लावून समोर पाहावे, रस्त्याच्या मध्याकडे अकरा पावले, मग उजवीकडे दोन. मागच्या वर्षी डांबराचा आणखी एक थर पडला आहे. आपल्या कारंज्याचा खड्डा नेमका तिथेच येतो.