सही करण्याआधी पोराला शेजारी बसवून हिशेब मांडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लष्कराची भरती निघाली की आपल्या पानांवर छाती मोजून घेणाऱ्या पोरांचे फोटो येतात आणि निकाल लागला की गुलालात माखलेल्या पोरांचे. या दोन फोटोंच्या मध्ये घरात काय चाललेलं असतं, त्यावर मात्र कुणी लिहीत नाही.

रात्रीची जेवणं चालू असतात. पोरगं भाकरीचा तुकडा मोडत, मान वर न करता म्हणतं, "आई, मी अग्निवीरचा फॉर्म भरलाय." आई गुमान आमटी वाढते. वडील म्हणतात, "बघू." विषय तिथंच मिटतो, तो थेट कागदपत्रं गोळा करायची वेळ येईपर्यंत. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, शिरोळ या तालुक्यांत असं घर नाही असं गाव शोधूनही सापडायचं नाही. आमचं सांगणं या "बघू"बद्दल आहे. पोराला अडवू नका आणि आंधळेपणानं हारही घालू नका. कागद-पेन घेऊन त्याच्या शेजारी बसा. निर्णय त्याचाच राहील, पण तुम्हा दोघांनाही ठाऊक असलेल्या आकड्यांवर तो उभा राहील. अठरा वर्षं पूर्ण नसतील तर नावनोंदणीच्या अर्जावर पालकांची सही लागते. ती सही देण्याआधीच हे झालं पाहिजे.

बहुतेक आई-वडिलांच्या डोक्यात अजून आजोबांची फौज आहे. पंधरा-सतरा वर्षं नोकरी, मग पेन्शन, कँटीनचं कार्ड आणि गावात 'सुभेदार' म्हणून मान. १४ जून २०२२ला अग्निपथ योजना जाहीर झाली आणि जवानांच्या भरतीपुरतं ते चित्र बदललं. आता नोकरी चार वर्षांची. त्यानंतर तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना कायम केलं जातं, बाकीची घरी येतात. घरी येणाऱ्याला ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही.

पगाराचा हिशेब असा. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, पण त्यातले ९,००० सेवा निधीला कापून हातात २१,०००. दुसऱ्या वर्षी हातात २३,१००, तिसऱ्या वर्षी २५,५५० आणि चौथ्या वर्षी २८,०००. भत्ते वेगळे, ते पोस्टिंगप्रमाणे मिळतात. चार वर्षांत पोराच्या पगारातून ५,०२,२०० रुपये कापले जातात, सरकार तेवढेच घालतं आणि व्याजासह साधारण ११ लाख ७१ हजार एकरकमी हातात येतात. त्यावर आयकर नाही. जो कायम होतो त्याला मात्र सेवा निधीतून फक्त स्वतःचा कापलेला भाग व्याजासह मिळतो आणि पेन्शनसाठी ही चार वर्षं धरली जात नाहीत. ही शेवटची गोष्ट फारच थोड्या घरांत माहीत असते.

घोळ कुठं होतो? पोरगं ट्रेनिंगला गेल्याच्या वर्षातच घरचे स्लॅबचं कर्ज काढतात किंवा बहिणीचं लग्न ठरवतात, "चार वर्षांनी अकरा लाख येणारच हायत की" म्हणून. ते अकरा लाख हे त्या पोराच्या पुढच्या आयुष्याचं भांडवल आहे. बावीस-तेवीस वर्षांचा, बारावी झालेला पोरगा परत येतो तेव्हा त्याच्याकडं तेवढंच असतं. त्या पैशाला घरानं हात लावू नये, हे आम्ही हात जोडून सांगतो. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ आणि २०२७च्या सांध्यावर पूर्ण होतात, म्हणजे हा प्रश्न आता गावागावांत येणार आहे. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांत माजी अग्निवीरांसाठी राखीव जागा ठेवल्या आहेत, पण त्यासाठीही अर्ज आणि परीक्षा आहेच. म्हणून शिक्षण तुटू देऊ नका. अग्निवीरांसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे आणि पदवीला लागणारे निम्मे श्रेयांक (क्रेडिट्स) नोकरीतल्या प्रशिक्षणातून धरले जातात. नाव घातलंय का, हे पोराला सुट्टीवर आल्यावर पहिल्याच दिवशी विचारा.

ज्या आकड्याचं नाव घरात कुणी काढत नाही, तोही सांगतो. अग्निवीराला ४८ लाखांचं विमा संरक्षण असतं, त्याचा हप्ता त्याच्याकडून घेत नाहीत. ड्यूटीवर मृत्यू आला तर ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान वेगळं. अपंगत्व आलं तर प्रमाणानुसार ४४, २५ किंवा १५ लाख. हे वाचताना आईच्या पोटात गोळा येणार, याची आम्हाला जाणीव आहे. तरी बोललंच पाहिजे, कारण नॉमिनी कोण, आईचं नाव कागदावर कसं लिहिलंय, बँकेचं खातं कोणतं, हे सगळं पोरगं अठराव्या वर्षी एकटंच, घाईत भरून टाकतं. आणि आई भीती बोलून दाखवत असेल तर "अपशकुनी बोलू नको" म्हणून तिला गप्प करू नका. पोरासमोरच बोलू द्या. तिला काय वाटतंय हे त्याला दिसतच असतं, न बोलल्यानं त्याच्या मनावरचं ओझं फक्त वाढतं.

आता शरीर. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीत पैसे भरण्याआधी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा ओळखीच्या डॉक्टरकडं एकदा तपासणी करून घ्या. दोन-दोन वर्षं पळून शेवटी मेडिकलला बाद होणारी पोरं पाहिली की जीव तुटतो, कारण त्यातली बरीच कारणं पहिल्याच दिवशी दिसण्यासारखी असतात. ओल्या पायानं शहाबादी फरशीवर उभं करा. ठशात तळव्याचा मधला भाग पूर्ण उमटला तर पाय सपाट असण्याची शक्यता आहे. गुडघे जुळवून उभं केल्यावर घोट्यांमध्ये जास्त अंतर राहत असेल तर तेही दाखवा. रंगांधळेपणा, व्हेरिकोज व्हेन्स, हायड्रोसील, मूळव्याध, कानातला मळ, किडलेले दात हे सगळं तपासलं जातं. यातलं बरंचसं वेळेत उपचार घेतले तर सुटतं, रंगांधळेपणा सुटत नाही. आणि गोंदण! आपल्याकडची पोरं हौसेनं दंडावर, छातीवर राजमुद्रा काढून घेतात. नियमानुसार कायमचं गोंदण कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागच्या बाजूलाच चालतं. श्रद्धा कितीही खरी असली तरी दंडावरच्या त्या चित्रानं पोरगं बाहेर जातं.

जनरल ड्यूटीसाठी महाराष्ट्रातल्या मुलाची उंची १६८ सेंटिमीटर लागते. छाती ७७ आणि फुगवल्यावर ५ सेंटिमीटरची वाढ. दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. आधी संगणकावरची लेखी परीक्षा होते, ती आता मराठीतूनही देता येते. तीत निवडलेल्यांनाच पुढं ग्राउंडला, म्हणजे शारीरिक चाचणीला बोलावतात, त्यामुळं नुसतं पळून भागत नाही. १६०० मीटर ५ मिनिटं ३० सेकंदांच्या आत मारले तर पूर्ण ६० गुण, बीमवर १० पुलअप्सना ४०. म्हणजे चारशे मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, प्रत्येकी सुमारे ८२ सेकंद. पोरं चुकतात ती पहिल्या फेरीत. घोळक्यातून पुढं निघायच्या नादात ती सत्तर सेकंदांत मारतात आणि तिसऱ्या फेरीला पाय शिशासारखे जड होतात. हातात घड्याळ घेऊन ट्रॅकच्या कडेला उभं राहणं आणि प्रत्येक फेरीला सेकंद ओरडून सांगणं, हे काम बापाला सहज जमतं. बापलेकांतला अबोला तिथंच सुटतो, असं आमचं मत आहे.

रोज डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांनी पळून नडगी दुखायला लागते. दुखणं नडगीभर पसरलेलं असेल तर चार दिवस विश्रांती देऊन मातीवर पळवा. पण हाडावर एकाच ठिकाणी बोटानं दाबल्यावर कळ येत असेल तर पळणं बंद आणि एक्स-रे. तिथं हाडाला बारीक चीर असू शकते. अशा वेळी वेदनाशामक गोळी देऊन पळवणारा 'सर' असेल तर त्याची अकॅडमी त्याच दिवशी सोडा. ग्राउंडच्या आदल्या दिवशी कुणी इंजेक्शन देऊ करत असेल तर त्यालाही हाकलून द्या. तसली औषधं घेतल्याचं आढळलं तर उमेदवार बाद होतो, आणि जिवालाही धोका आहे.

कागदपत्रांत सर्वांत मोठी अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. आईचं नाव एकीकडं 'सुमन', दुसरीकडं 'सुमनताई'. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. हे ग्राउंडवरच्या टेबलासमोर दुरुस्त होत नाही, आधी दोन-तीन महिने लागतात. डोमिसाईल, जातीचा दाखला, शाळेचा आणि सरपंचांचा चारित्र्याचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र हे जाहिरातीत दिलेल्या नमुन्यातच हवं. चारित्र्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो. पोलिस पडताळणीही होते. मिरवणुकीतल्या भांडणात नाव गोवलं गेलेली चांगली पोरं इथं अडकतात, म्हणून या वयात मंडळाच्या वादात पडू नको, हे बापानं आधीच बजावलेलं बरं.

एजंटाबद्दल एकच गोष्ट. लष्करातली निवड पैशानं होत नाही. अर्जाचं ठरलेलं शुल्क सोडून कुणाला एक रुपयाही देऊ नका, आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात ठेवू नका, अकॅडमीच्याही नाही. मूळ कागद ठेवून घेणारा पुढं त्याच कागदांसाठी पैसे मागतो. पोरगं स्वतःच्या गुणांवर निवडलं गेलं तरी "आमच्यामुळं झालं" म्हणून वसुलीला येणारे वेगळेच.

निवड झाली की घरात गृहीत धरतात, "मराठा म्हणजे बेळगाव, दोन तासांवर." मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे खरं, पण पोरगं नाशिकला तोफखान्यात, अहिल्यानगरला, जबलपूरला किंवा बंगळूरलाही जाऊ शकतं. ट्रेनिंग साधारण सहा-सात महिन्यांचं. सुरुवातीला फोन जमा करून घेतात आणि ठरलेल्या दिवशी थोडाच वेळ बोलायला देतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बहुतेक पोरं फोनवर रडतात. झोप पुरेशी नसते, अंग दुखत असतं, रोज कुणीतरी ओरडत असतं. तेव्हा आईनं "ये बाबा परत" म्हटलं की ते शब्द पोराच्या डोक्यात महिनाभर राहतात. त्यापेक्षा "आज काय शिकवलं, जेवलास का, पायाला काय झालंय का" एवढंच विचारा. पायाला खरंच लागलं असेल तर लपवू नको, एमआय रूमला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात दाखव, हे मात्र निक्षून सांगा. मागं राहीन या भीतीनं पोरं दुखणं लपवतात आणि मग कायमची अनफिट होतात.

स्वतःहून मधेच सोडता येत नाही, अपवादात्मक परिस्थितीतच परवानगी मिळते, आणि तेव्हाही फक्त स्वतःचा कापलेला पैसा व्याजासह मिळतो. चार वर्षांत लग्न करता येत नाही. वार्षिक रजा ३० दिवस. घरातल्या कुणाचं अचानक बरंवाईट झालं तर कळवायला पोराचा आर्मी नंबर, हुद्दा, नाव, कंपनी आणि युनिटचा पत्ता वहीत लिहून ठेवा, आणि भाऊबंदातल्या एकालाही देऊन ठेवा. युनिटचं नाव, जागा किंवा गाडीचा फोटो स्टेटसला ठेवू नका, अभिमान कितीही वाटला तरी.

मुलीही मिलिटरी पोलिसमध्ये अग्निवीर म्हणून जातात, त्यांना उंची १६२ सेंटिमीटर लागते. आई-वडिलांनी करायचा हिशेब तोच आहे. "पोरीला कशाला?" हा प्रश्न त्या हिशेबात येत नाही.

आपल्यामार्फत आमची एकच मागणी आहे. ऑनलाइन नोंदणी सुरू होण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं तालुक्याच्या गावी पालकांची एक बैठक घ्यावी, मराठीत, रविवारी, ऊसतोडीचा हंगाम सोडून. पगाराची पट्टी फळ्यावर लिहावी, कागदपत्रांचे नमुने वाटावेत आणि आईंना प्रश्न विचारायला वेळ द्यावा. आपणही भरतीच्या बातमीसोबत ही माहिती चौकटीत छापलीत तर ती घराघरांत पोचेल. पहिली बैठक गडहिंग्लजला ठरली तर मंडप, सतरंज्या आणि चहाची जबाबदारी आम्ही घेतो.

आपले,
गडहिंग्लज तालुक्यातील काही निवृत्त जवान
जि. कोल्हापूर